रोपाचे पहिले पंधरा दिवस

१८५७ साली चार्ल्स डार्विननं इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, डाउन गावातल्या आपल्या घरी, जमिनीचा एक छोटा तुकडा खणून साफ केला. तीन फूट लांब, दोन फूट रुंद. त्यात त्यानं काही पेरलं नाही. आपोआप उगवणाऱ्या तणाच्या प्रत्येक रोपाशेजारी खूण करायची आणि पुढं त्याचं काय होतं ते पाहायचं, एवढाच उद्योग. आजूबाजूला मोठी झाडंझुडपं नव्हती, त्यामुळे ऊन-पाण्यासाठी त्यांच्याशी चढाओढ असण्याचं कारण नव्हतं. तरीही उगवलेल्या ३५७ रोपांपैकी २९५ नाहीशी झाली, आणि त्यांतली बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी संपवली. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये जगण्याच्या झगड्याबद्दल लिहिताना त्यानं हा हिशेब दिला आहे.

डार्विनला त्यातून निसर्गनिवडीचं सूत्र दाखवायचं होतं. बाग करणाऱ्यानं मात्र या आकड्यांकडे जरा निराळ्या नजरेनं पाहावं. मेली ती सगळी नुकती जमिनीबाहेर डोकावलेली रोपं होती. त्याच आवारातली मोठी झाडं त्याच गोगलगायींच्या शेजारात वर्षानुवर्षं उभी होती. गोगलगाय झाडाचं किती नुकसान करते हे तिच्यावर कमी आणि झाडाच्या वयावर जास्त अवलंबून असतं. बागेतल्या गोगलगायींबद्दलचे आपले बहुतेक उपाय फसतात ते एवढी एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे.

आपल्याकडे याचा अनुभव दसऱ्याच्या झेंडूला येतो. सणाला घरची फुलं हवीत म्हणून आषाढात बी टाकलं जातं. आठवड्याभरात रोपं वर येतात. संध्याकाळी बघावं तर वाफा हिरवागार, सकाळी बघावं तर निम्म्या रोपांचे नुसते खुंट. चिमणीवर, उंदरावर, कधी बियाणं विकणाऱ्यावर आळ येतो. खाणारी तोवर कुंडीच्या बुडाशी जाऊन झोपलेली असते.

इथं गोगलगाय म्हटलं की बिनशंखाची समजावी. पाठीवर घर घेऊन फिरणारी ती शंखी गोगलगाय. तिच्याबद्दल बोलताना तसं म्हणेन.

आता रोप मरतं कसं ते पाहू. बी रुजतं तेव्हा वाढणारा कोंब कुठं असतो यावर त्याचं नशीब ठरतं. झेंडू, मुळा, काकडी, दोडका, घेवडा, सोयाबीन यांची बीजदलं, म्हणजे ती पहिली जाड पानं, देठासकट जमिनीवर येतात. पुढची सगळी वाढ ज्यातून व्हायची तो कोंब या दोन दलांच्या बेचक्यात असतो. गोगलगायीनं दलांच्या खाली देठ कुरतडला की खाली डोळा म्हणून उरत नाही. मुळं शाबूत असली तरी त्यांना वर काही फुटवता येत नाही. तूर, हरभरा, वाटाणा यांची गोष्ट वेगळी. यांची दलं मातीतच राहतात आणि त्यांच्या बगलेतले डोळेही मातीत सुरक्षित असतात. वरचा शेंडा गेला तरी खालून नवा फुटतो. मका आणि ज्वारी तर आणखी बेरकी. सुरुवातीचे काही आठवडे त्यांचा वाढीचा बिंदू जमिनीखालीच दडलेला असतो. वरची पाती चघळली गेली तरी आतून नवी येत राहते. एकाच रात्री, एकाच वाफ्यात, एकाच तोंडानं खाल्लेल्या तीन रोपांपैकी एक मरतं, एक उशिरा का होईना सावरतं आणि तिसऱ्याला फारसं काही जाणवतही नाही.

सोयाबीनचा उल्लेख आला म्हणून शंखी गोगलगायीसाठी थोडी वाट वाकडी करतो. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं १८४७ साली मॉरिशसहून काही जिवंत नमुने आणले आणि कोलकात्यात चौरंगी भागातल्या एका बागेत ते सुटले. तिथून तिनं देश पालथा घातला. २०२२ च्या खरिपात लातूर, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांत तिनं उगवतं सोयाबीन इतकं खाल्लं की पुष्कळांना दुबार पेरणी करावी लागली. महिन्याभराचं सोयाबीन तिला पुरून उरतं. पण दोन दलांवर असलेला अख्खा तास ती एका रात्रीत झोपवू शकते. शेतातला आणि बाल्कनीतला फरक फक्त आकाराचा आहे.

परत आपल्या बिनशंखीकडे. गोगलगायींच्या वेगवेगळ्या कुळांनी उत्क्रांतीच्या ओघात स्वतंत्रपणे, अनेकदा, शंख टाकून दिला आहे. काहींच्या कातडीखाली त्याची पातळ चकती अजून सापडते. शंख नसल्याचे फायदे सरळ आहेत. तो बांधायला चुना लागत नाही, त्यामुळे चुना कमी असलेल्या आंबट मातीतही निभावतं. विटेखालच्या चिरेत, कुंडीच्या बुडाच्या भोकात, सालीच्या फटीत अंग घुसवता येतं. तोटा एकच, पण जन्मभराचा. अंगात बहुतांश पाणीच, आणि ते कोंडून ठेवायला वर आवरण नाही. शंखी गोगलगाय उन्हाळा आला की शंखात शिरून तोंडावर पडदा ओढते आणि महिनोन्‌महिने पडून राहते. बिनशंखीला ती सोय नाही. पुढं सरकायचं तर श्लेष्म सोडावा लागतो, म्हणजे प्रत्येक बोटभर चालीला पाणी खर्च होतं. म्हणून ती रात्री निघते, पावसात निघते, ढगाळ सकाळी जरा रेंगाळते. उन्हाळ्यात मातीच्या खोल ओलीत जाते. तिचं वेळापत्रक भुकेपेक्षा ओल ठरवते.

महाराष्ट्रात पावसाळ्यात घरोघरी दिसणारी जात म्हणजे लेव्हिकॉलिस आल्टे. काळपट, चपटी, चामड्यासारख्या पाठीची, आणि पाठीच्या मधोमध डोक्यापासून शेवटापर्यंत गेलेली एक फिकट रेघ. स्पर्श झाला की आक्रसते. पूर्ण वाढलेली दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत जाते. पुष्कळजण तिला जळू समजून घाबरतात. जळू रक्त पिते, हिला त्याच्याशी काही घेणं नाही. हीदेखील आफ्रिकेचीच, माणसानं नेलेल्या झाडांबरोबर आणि मातीबरोबर आशियात आणि ऑस्ट्रेलियात पसरलेली. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या जोडीच्या टोकाला डोळे, पण त्यांना उजेड-अंधारापलीकडे फार काही कळत नाही. जग तिला वासानं आणि चवीनं कळतं. शिंग तुटलं तर पुन्हा येतं.

आणि दात. तोंडात एक पट्टी असते, तिच्यावर हजारो सूक्ष्म दातांच्या रांगा. पुढचे झिजतात तसे मागून नवे सरकतात. ही पट्टी पानावर पुढंमागं फिरते, म्हणजे गोगलगाय पान चावत नाही, खरवडते. म्हणून तिची भोकं ओबडधोबड असतात, पानाच्या कडेला तशीच मधोमधही. जाड पानाचा वरचा थर खरवडून खालचा पापुद्रा आणि शिरा सोडून दिलेल्या दिसतात. अळीनंही भोकं पडतात, पण अळीच्या भोकाजवळ पानावर काळ्या-हिरव्या लेंड्या सापडतात. गोगलगायीची खूण म्हणजे वाळलेल्या श्लेष्माची चमकती वाट. मुसळधार पावसानं ती धुऊन जाते, तेव्हा खात्री करायला रात्री नऊ-दहानंतर बॅटरी घेऊन जाणं हाच मार्ग. हे केल्याशिवाय कुठलाही उपाय सुरू करू नये. नाकतोड्यासाठी गोगलगायीचं औषध टाकणारे कमी नाहीत.

मोठ्या झाडांचं काय? जास्वंदीच्या चार पानांना भोकं पडली म्हणून जास्वंद मरत नाही, फुलायचीही थांबत नाही. पालक, कोबी, लेट्यूस यांचं मोल पानातच असल्यामुळे तिथं नुकसान ताटापर्यंत पोचतं, हे खरं. जर्बेराच्या पाकळ्या आणि ऑर्किडच्या मुळांची हिरवी टोकं हीदेखील खरी तक्रार आहे. मुळाची वाढ त्या टोकातूनच होते. बाकी बहुतेक झाडांवर तिची भूक म्हणजे दिसायला वाईट, पण परवडणारा कर. शिवाय तिचं पहिलं जेवण बऱ्याचदा जिवंत पान नसतंच. गळून सडणारी पानं, बुरशी, मेलेले किडे, शेण, कुजका पालापाचोळा हे ती आवडीनं खाते, आणि त्याचं खत होण्याला हातभार लावते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२२ मध्ये गोगलगायींना ‘कीड’ म्हणणं बंद केलं. त्या देशात बिनशंखीच्या ४४ जाती सापडतात आणि बागेतल्या झाडांवर तोंड टाकणाऱ्या त्यांतल्या जेमतेम नऊ, असं त्या संस्थेचं म्हणणं. इंग्रजांच्या बागप्रेमाचा विचार करता हा निर्णय धाडसीच म्हणायचा. मला तो पटतो, पण झेंडूच्या वाफ्यासमोर उभं राहून तो पटवून घेणं कठीण जातं, हेही कबूल.

झाडांनीही या खरवडण्याला उत्तरं शोधली आहेत. पांढऱ्या क्लोव्हरच्या काही रोपांच्या पानांना इजा झाली की त्यांतून सायनाइड सुटतं, काहींच्या नाही. रॉडॉल्फो डिर्झो आणि जॉन हार्पर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेल्समधल्या एका कुरणात याचा माग काढला आणि १९८२ मध्ये निष्कर्ष मांडले. गोगलगायी बिनविषारी रोपं निवडून खातात. कुठल्या कोपऱ्यात कुठल्या प्रकारचं क्लोव्हर जास्त टिकतं, याचा संबंध तिथल्या गोगलगायींच्या संख्येशी असल्याचं त्यांना दिसलं. म्हणजे डार्विनच्या तुकड्यातली कत्तल आंधळी नसते. त्यात निवड असते. आपल्याकडे गवती चहाची धारदार, सिलिका भरलेली पाती किंवा पानओव्याचं लवदार, उग्र पान यांच्या वाट्याला ती फारशी जात नाही, आणि मऊ, रसाळ, गुळगुळीत रोपं मात्र पहिल्या फटक्यात जातात. भाजीपाल्याच्या जाती निवडताना माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पानातला कडवटपणा काढून टाकला; ती मेहनत गोगलगायीच्याही पथ्यावर पडली.

आता उपाय. घरगुती यादी लांब आहे. अंड्याची टरफलं, राख, वाळूची खडबडीत कडा, तांब्याची पट्टी. तर्क असा की मऊ पोटाला टोचलं की ती मागं फिरेल. म्हणीत काही म्हणो, तिचं पोट हाच तिचा पाय आहे, पण त्याखाली श्लेष्माची गादी असते आणि त्या गादीवरून ती वस्तऱ्याच्या धारेवरूनही सुखरूप जाते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०१८ मध्ये कुंड्यांत आणि वाफ्यांत लेट्यूस लावून तांब्याची पट्टी, खडी, पाइनची साल, लोकरीच्या गोळ्या आणि अंड्याची टरफलं अशा पाच गोष्टींची परीक्षा घेतली. काहीही न घातलेल्या रोपांपेक्षा यांच्या आडची रोपं कमी खाल्ली गेली असं दिसलं नाही. राख आणि चुना कोरडे असेपर्यंत तिच्या अंगातली ओल शोषून घेतात, त्यामुळे उपयोग होतो. पण कोकणात आषाढात राख कोरडी ठेवायची कुठं?

मीठ टाकलं की ती मरते, हे प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतं. मिठानं तिच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. तेच मीठ कुंडीत झिरपलं की मुळांचं पाणीही ओढतं, तेव्हा गोगलगायीबरोबर झाडही जातं. मीठ वापरायचंच तर बादलीत, कुंडीत नाही.

उचलून कुंपणापलीकडे फेकणं हा भूतदयेचा मार्ग. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या रूथ ब्रूक्स या हौशी बागकाम करणाऱ्या आजींनी शंखी गोगलगायींच्या पाठीवर नखांना लावायच्या रंगाच्या खुणा केल्या, त्यांना लांब नेऊन सोडलं आणि कोण परत येतं ते पाहिलं. एक्झेटर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाच्या मदतीनं केलेल्या या प्रयोगाला बीबीसी रेडिओच्या हौशी संशोधकांच्या स्पर्धेत २०१० मध्ये पहिलं बक्षीस मिळालं. गोगलगायी परत येत होत्या. शेजाऱ्याकडे फेकलेल्या आपल्याकडे येतात आणि शेजाऱ्यानं फेकलेल्या त्याच्याकडे जातात, असा हा कुंपणावरचा व्यवहार.

चालतं ते काय? वेचणं. त्यासाठी त्यांना एका जागी गोळा करावं लागतं. शंखीसाठी आपल्या कृषी विद्यापीठांनी सांगितलेली युक्ती बिनशंखीलाही लागू पडते. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याशेजारी अंथरायचं, सकाळी उलटायचं आणि खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्यानं उचलून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकायच्या. युरोप-अमेरिकेत याच कामासाठी बशीत बिअर ठेवतात. आंबण्याचा वास तिला खेचतो. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी पीठ, पाणी आणि यीस्ट एवढ्यावर भागवता येतं असं दाखवलं आहे. आंबवणात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या घरात यासाठी बिअर विकत आणायची गरज नाही.

त्याहून स्वस्त उपाय पाणी घालण्याच्या वेळेचा. स्वित्झर्लंडमध्ये लेट्यूसवर झालेल्या प्रयोगात संध्याकाळी पाणी दिलेल्या रोपांचं नुकसान सकाळी पाणी दिलेल्यांपेक्षा जास्त झालं. कारण उघड आहे. सकाळचं पाणी रात्रीपर्यंत वरच्या मातीतून उडतं. संध्याकाळचं पाणी म्हणजे तिच्यासाठी ओला रस्ता करून ठेवणं. पावसाच्या झडीत याचा उपयोग नाही, पण उघडीप पडली की आहे, आणि ऑक्टोबरनंतर तर नक्की.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय गोगलगायीला हात न लावता करायचा असतो. रोपांचे पहिले दिवस जमिनीपासून दूर काढायचे. ट्रेमध्ये बी टाकून तो लोखंडी मांडणीवर, गच्चीच्या कठड्यावर, जिथं वारा लागतो आणि खाली ओली माती नाही अशा जागी ठेवायचा. चार-सहा खरी पानं आली, देठ कडक झाला, बगलांमध्ये डोळे तयार झाले की मग वाफ्यात. त्यानंतर शेंडा खाल्ला गेला तरी झेंडू बाजूनं फुटतो; शेंडे खुडून फुटवे वाढवणं हे माळी मुद्दाम करतातच. जे बी जागेवरच पेरावं लागतं, जसा मुळा, ते थोडं दाट पेरायचं आणि तिचा वाटा धरून चालायचं.

पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत ती पोचते कशी, असं लोक विचारतात. चढून क्वचित. बहुधा रोपवाटिकेतून आणलेल्या काळ्या पिशवीतून. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते आणि ओल्या मातीत पुंजक्यानं अंडी घालते. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसणारी ही अंडी पिशवीच्या तळाशी, मुळांच्या जाळ्यात असतात. नवं रोप कुंडीत लावण्याआधी पिशवी फाडून मातीचा गोळा उजेडात फिरवून पाहावा. कुंड्यांखालच्या पाणी साचलेल्या ताटल्या आणि विटा अधूनमधून उचलाव्यात.

विषाचं थोडक्यात सांगतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तिच्या श्लेष्माच्या पेशी उद्ध्वस्त करतात आणि ती सुकून मरते. या गोळ्या कुत्र्यांना जीवघेण्या आहेत, आणि त्यांचा वास कुत्र्यांनाही आवडतो. पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेला धोका पाहून ब्रिटननं एप्रिल २०२२ पासून त्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. आपल्याकडे सोयाबीनसाठी त्या वापरल्या जातात, आणि शंभर एकरांवर संकट आलेलं असताना शेतकऱ्याला उपदेश करण्यात अर्थ नाही. बाल्कनीत मात्र त्यांचं काम नाही. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या तुलनेनं सौम्य, सेंद्रिय शेतीतही चालणाऱ्या. त्या खाल्ल्यावर गोगलगाय खाणं सोडते आणि मातीत जाऊन मरते. सकाळी प्रेतं दिसली नाहीत म्हणून आणखी गोळ्या टाकू नयेत.

विष नको म्हणण्याचं आणखी एक कारण सह्याद्रीत मे-जूनमध्ये लुकलुकतं. काजव्यांच्या पुष्कळ जातींच्या अळ्या गोगलगायींवर जगतात. चावा घेऊन त्यांना बधिर करतात आणि मग सावकाश खातात. प्रौढ काजवे बहुतेक काही खातच नाहीत, त्यांचं आयुष्यभराचं खाणं अळीपणी उरकलेलं असतं. भंडारदऱ्याला काजवे बघायला गाडी काढणाऱ्यानं आपल्या फार्महाउसवर गोळ्या शिंपडताना एवढं आठवावं. भारद्वाजही शंखी-बिनशंखी दोन्ही खातो, भेक खातो, चिचुंद्री खाते. युरोपात १९९४ पासून गोगलगायींना पोखरणारा एक सूक्ष्म सूत्रकृमी बाजारात मिळतो, मातीत पाण्यावाटे सोडायचा. परदेशी शत्रू आयात करताना मात्र पॉलिनेशियातलं मूरिया बेट डोळ्यांपुढे ठेवावं. आफ्रिकन शंखीला आवरायला १९७७ मध्ये तिथं एक मांसाहारी शंखी गोगलगाय सोडली गेली. तिनं त्या बेटाखेरीज कुठंच नसलेल्या छोट्या शंखी गोगलगायी खायला घेतल्या आणि दहा वर्षांत तिथलं त्यांचं रानातलं अस्तित्व संपलं.

वेचताना हातमोजे किंवा चिमटा वापरायला सांगतो ते किळस येते म्हणून नव्हे. श्लेष्म हाताला लागला तर तो पाण्यानं आणखी फुगतो. आधी कोरड्या फडक्यानं चोळून काढावा, मग साबण लावावा. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ओल्या, रक्ताळलेल्या ऊतींनाही चिकटणारा शस्त्रक्रियेचा गोंद तयार केला, तो एका युरोपीय गोगलगायीचा चिवट श्लेष्म पाहूनच. खरी काळजी वेगळी आहे. उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीची पिल्लं गोगलगायींच्या अंगात वाढतात, आणि लेव्हिकॉलिस ही त्यांच्या यजमानांपैकी एक आहे. ही पिल्लं माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत पोचून मेंदूज्वर होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात पैजेखातर गोगलगाय गिळलेल्या एका तरुणाला यातूनच कायमचं अपंगत्व आलं आणि काही वर्षांनी त्याचा मृत्यू झाला. पैज कुणी लावणार नाही, पण कोबीच्या किंवा लेट्यूसच्या घडीत दडलेलं गोगलगायीचं बोटाच्या पेराएवढं पिल्लू नजरेतून सुटू शकतं. पावसाळ्यात घरच्या वाफ्यातली पानं कोशिंबिरीत कच्ची घालायची असतील तर एकेक पान सुटं करून, दोन्ही बाजूंनी, वाहत्या पाण्याखाली धुवावं. शंका असेल तर सरळ भाजी करावी. शिजवल्यावर हा कृमी जगत नाही.